'.टॉप' अडवलं तरी स्पॅम येतोच? पोस्टफिक्समध्ये नेमकं कुठे अडतं

एक पत्ता ब्लॉक केला, दुसऱ्या दिवशी तोच मजकूर वेगळ्या डोमेनवरून आला. ते डोमेन ब्लॉक केलं, तर तिसरं उगवलं. आयपी अडवला, तर पुढची खेप शेजारच्या आयपीवरून आली. मग लक्षात येतं, की ही सगळी डोमेनं टॉप, क्लिक, आयसीयू, एसबीएस, बझ अशा मोजक्याच टीएलडींवर, म्हणजे डोमेनच्या शेवटच्या टिंबापुढच्या तुकड्यांवर, संपतात. आपण ती टीएलडीच पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये बंद करतो. थोडे दिवस शांतता असते. नंतर एक तर स्पॅम पुन्हा दिसायला लागतो, नाहीतर अकाउंट्समधून फोन येतो, की अमक्या पुरवठादाराचं कोटेशन पोचलंच नाही.

कारखाने, पतसंस्था, शाळा, दवाखाने यांचे छोटे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांना या दोन्ही तक्रारी ओळखीच्या असतील. त्या एकमेकींच्या उलट वाटतात, पण दोघींचं मूळ बहुतेक वेळा त्याच चार ओळींत सापडतं: नियम कुठे लावला, कोणत्या क्रमाने लावला आणि त्यातला नमुना कसा लिहिला.

खाली सेटिंग्जची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची. नमुन्यांमधल्या टॉप, क्लिक वगैरे शब्दांचंही तसंच.

हीच टीएलडी का

इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयसीएएनएन या संस्थेने जानेवारी २०१२मध्ये नव्या टीएलडींसाठी अर्ज मागवले. १,९३० अर्ज आले आणि ऑक्टोबर २०१३पासून नवी नावं इंटरनेटच्या मूळ यादीत दाखल होऊ लागली. आज अशी हजाराहून जास्त आहेत. इतक्या नावांना गिऱ्हाईक मिळवायचं, म्हणून त्यांतल्या बऱ्याच रजिस्ट्रींनी (टीएलडी चालवणाऱ्या संस्थांनी) पहिल्या वर्षाची किंमत अगदी खाली आणली. स्पॅम पाठवणाऱ्याला डोमेन काही तासांपुरतंच हवं असतं. तो एकगठ्ठा घेतो, प्रत्येकावरून थोडी थोडी मेल सोडतो आणि नाव काळ्या यादीत जाईपर्यंत पुढच्यावर गेलेला असतो. म्हणून एकेक डोमेन ब्लॉक करण्यात आपली शक्ती वाया जाते.

परिस्थिती बदलतही असते, आणि जुन्या याद्या नेमक्या इथेच फसतात. टीके, एमएल, जीए, सीएफ आणि जीक्यू ही पाच टीएलडी फ्रीनॉम कंपनी फुकट वाटत असे. त्या काळात ती प्रत्येक यादीत सगळ्यात वर असायची. २०२३च्या सुरुवातीला फ्रीनॉमने नवी नोंदणी थांबवली. त्याच वर्षी गॅबनने जीए आणि मालीने एमएल परत आपल्या ताब्यात घेतलं. २०२४मध्ये फ्रीनॉम या धंद्यातूनच बाहेर पडली. तरीही कुठून तरी उचललेल्या यादीत हीच पाच नावं पहिली दिसतात आणि आजच्या स्पॅममधली नावं तिच्यात नसतातच. दुसरीकडे, जुलै २०२४मध्ये आयसीएएनएनने टॉपच्या रजिस्ट्रीला गैरवापराच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल कराराच्या भंगाची नोटीस दिली होती. म्हणजे टॉपची बदनामी नुसती ऐकीव नाही.

पण टीएलडी बदनाम आहे म्हणजे तिथली सगळी डोमेनं वाईट, असं होत नाही. एक्सवायझेडवर भरपूर स्पॅम येतो हे खरं. मात्र गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिचं अधिकृत संकेतस्थळही २०१५पासून एक्सवायझेडवरच आहे. शॉप, स्टोअर, ऑनलाइन यांवर छोटे प्रामाणिक व्यापारी बरेच आहेत, कारण त्यांना हवं ते नाव कॉमवर शिल्लकच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा, की दुसऱ्याची यादी उचलण्याआधी आपला लॉग बघा. मेल लॉगमधून 'फ्रॉम इज इक्वल टू' असलेल्या ओळी लिनक्सच्या ग्रेप आज्ञेने काढा, ऑकने किंवा सेडने पत्त्याच्या शेवटच्या टिंबापुढचा तुकडा वेगळा करा, सॉर्ट आणि युनिकने मोजा. गेल्या काही आठवड्यांचा लॉग पुरतो. कुठल्या टीएलडीवरून तुमच्याकडे किती मेल येते ते समोर येईल. ज्या टीएलडीवरून खरी मेल एकदाही आलेली नाही आणि स्पॅम सतत येतो, तीच पूर्ण बंद करायच्या लायकीची. जिथे दोन्ही मिसळलेलं आहे तिथे बंदी नको, गुण द्यायचे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी बघा: तुम्ही कोणता पत्ता अडवताय

मेलवर पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक लिफाफ्यावरचा, म्हणजे दोन सर्व्हर मेल देता-घेताना जो एसएमटीपी संवाद करतात त्यात 'मेल फ्रॉम' या आज्ञेसोबत येतो तो. पोचलेल्या मेलच्या हेडरमध्ये तो 'रिटर्न-पाथ' म्हणून उरतो. दुसरा आतल्या पत्रावरचा, म्हणजे 'फ्रॉम' हेडर. आउटलूक किंवा मोबाइलवर वापरणाऱ्याला दिसतो तो हा दुसरा. पोस्टफिक्सचं 'चेक सेंडर अ‍ॅक्सेस' हे पाठवणारा तपासणारं सेटिंग फक्त पहिला बघतं.

'बंद केलं तरी येतंय' या तक्रारीत सगळ्यात आधी तपासावं असं कारण हेच. वापरणारा तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवतो, त्यावर टॉपचा पत्ता दिसतो, तुम्ही टॉप बंद करता. प्रत्यक्षात लिफाफ्यावर कुठल्या तरी घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेचं कॉम डोमेन असतं आणि नियम त्याला शिवतही नाही. म्हणून स्क्रीनशॉटवर निर्णय घेऊ नका. वापरणाऱ्याकडून मेलचा पूर्ण सोर्स मागवा, त्यातला रिटर्न-पाथ बघा, 'रिसीव्हड' ओळींमधली सगळ्यात वरची, तुमच्याच सर्व्हरने लिहिलेली ओळ बघा. त्या ओळीतला रांगेचा आयडी लॉगमध्ये शोधा. मेल कुठल्या आयपीवरून आली, लिफाफ्यावर काय होतं, कुठल्या पोर्टवरून आत आली, हे सगळं तिथे असतं. हा शोध न घेता नियमांवर नियम चढवले की पुढच्या माणसाला त्यातलं काहीच उलगडत नाही.

लिफाफा आणि हेडर वेगळे असणं हा गुन्हा नाही, हेही लक्षात असू द्या. बँका, रेल्वेची तिकिटं, विमा कंपन्या, सगळ्यांची मेल अशा सेवांमार्फत येते. दोन पत्ते जुळत नाहीत एवढ्यावरून काही नाकारू नका.

नियम लिहिताना

पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे मेन.सीएफमध्ये, 'एसएमटीपीडी सेंडर रिस्ट्रिक्शन्स' ही यादी असते. तिच्यात क्रम असा ठेवा: पहिलं 'परमिट मायनेटवर्क्स' (आपल्या नेटवर्कमधल्या आयपींना मोकळीक), दुसरं 'परमिट एसएएसएल ऑथेंटिकेटेड', तिसरं 'चेक सेंडर अ‍ॅक्सेस' आणि त्यापुढे तुमच्या यादीचा प्रकार व मार्ग. आपली माणसं लॉगिन करून पाठवतात ती मेल या नियमापर्यंत पोचतच नाही.

यादीचे दोन प्रकार नेहमीचे: हॅश, म्हणजे जसाच्या तसा शब्द शोधणारी यादी, आणि पीसीआरई, म्हणजे नमुन्याशी (रेग्युलर एक्स्प्रेशनशी) जुळवून बघणारी. चुका प्रत्येकात वेगळ्या होतात.

हॅश यादीत एका ओळीवर टीएलडी आणि पुढे 'रिजेक्ट' एवढं पुरतं. पण टीएलडीआधी टिंब द्यायचं की नाही? पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत पत्ता शोधताना तो आधी पूर्ण पत्ता, मग डोमेन, मग डोमेनचे तुकडे करत शेवटी नुसतं 'टॉप' असा शोधत जातो. टिंबासकट '.टॉप' तो शोधतच नाही. त्यामुळे टिंब देऊन लिहिलेली ओळ कधीच लागू होत नाही आणि लॉगमध्ये चूकही दिसत नाही. 'पेरेंट डोमेन मॅचेस सबडोमेन्स' या सेटिंगमधून कुणी 'एसएमटीपीडी अ‍ॅक्सेस मॅप्स' काढून टाकलं असेल, तर नेमकं उलटं होतं आणि टिंब लागतं. '*.टॉप' असं ताऱ्यासकट लिहिलेलं दोन्हीकडे निकामी. हॅश फाइल बदलल्यावर तिचा डेटाबेस बनवणारी पोस्टमॅप ही आज्ञा चालवायला हवी. ते राहिलं तर डेटाबेस मूळ फाइलपेक्षा जुना असल्याचा इशारा लॉगमध्ये येतो, तो शोधा. काही नव्या लिनक्स वितरणांत हॅश हा प्रकारच उरलेला नाही, तिथे एलएमडीबी वापरावं लागतं. 'पोस्टकॉन्फ' हायफन एम चालवलं की तुमच्या सर्व्हरला कुठले प्रकार येतात त्यांची यादी मिळते.

पीसीआरई मला जास्त आवडतं, कारण एकाच ओळीत अनेक टीएलडी मावतात आणि अपवाद त्याच फाइलमध्ये वर लिहिता येतात. नमुना असा:

/\.(टॉप|क्लिक|आयसीयू|एसबीएस)$/ रिजेक्ट

यातलं बॅकस्लॅश-टिंब आणि शेवटचं डॉलर चिन्ह, दोन्ही जीव की प्राण. डॉलर विसरलं, की 'टॉप' हे अक्षर-त्रिकूट टिंबापुढे कुठेही आलं तरी मेल परत जाते. ज्यांचं मुख्य डोमेन टॉप या अक्षरांनी सुरू होतं आणि मेल सबडोमेनवरून येते, अशा सगळ्या कंपन्या अडकतात. बॅकस्लॅशही विसरलं तर 'लॅपटॉप' हा शब्द पत्त्यात असलेला दुकानदारसुद्धा सापडतो. सगळ्यात भयंकर प्रकार 'सीओ'चा. कोलंबियाचं सीओ बंद करायला कुणी '/\.सीओ/' लिहिलं, तर कॉम आणि सीओ.इन दोन्ही त्यात येतात. म्हणजे जवळजवळ सगळी मेल बंद. डॉलर दिलं की हा धोका उरत नाही.

डेबियन आणि उबंटूवर पीसीआरईचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. ते नसताना मेन.सीएफमध्ये पीसीआरई लिहिलं, की येणाऱ्या मेलला ४५१ने सुरू होणारी तात्पुरती चूक मिळत राहते. पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, वापरणाऱ्यांना मात्र 'मेलच येत नाही' एवढंच कळतं. पीसीआरई फाइलला पोस्टमॅप लागत नाही, पण बदलल्यावर 'पोस्टफिक्स रीलोड' द्या.

सर्व्हरला हात लावण्याआधी चाचणी घ्या. 'पोस्टमॅप' हायफन क्यू, पुढे एक पूर्ण पत्ता, पुढे पीसीआरई आणि फाइलचा मार्ग. नियम लागू होत असेल तर 'रिजेक्ट' छापलं जाईल, नसेल तर काहीच येणार नाही. अडायला हवेत असे आणि अडायला नकोत असे, दोन्ही प्रकारचे पत्ते देऊन बघा. हॅश यादीच्या बाबतीत मात्र ही चाचणी थोडी फसवी आहे. पोस्टमॅप दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतो, डोमेनचे तुकडे करत नाही. तिथे नुसतं 'टॉप' देऊन बघा.

थेट नाकारू नका, आधी इशारा

'चेक सेंडर अ‍ॅक्सेस'च्या लगेच आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' हा शब्द घाला. मेल आत येते, पण जिथे ती नाकारली गेली असती तिथे लॉगमध्ये 'रिजेक्ट वॉर्निंग' अशी ओळ उमटते. महिनाअखेरची बिलं, पगाराच्या मेल, जीएसटीच्या तारखा यांचा एक फेरा या अवस्थेत जाऊ द्या. ज्या ओळी उमटतील त्या वाचा. ओळखीचं नाव दिसलं तर ते अपवादांत टाका. मगच इशारा काढा.

नाकारताना 'रिजेक्ट' या शब्दापुढे मजकूर लिहिता येतो, आणि तो जरूर लिहा. पाठवणारा खरा माणूस असेल, तर त्याच्याच सर्व्हरकडून त्याला परत आलेल्या मेलमध्ये हा मजकूर दिसतो. 'तुमच्या डोमेनचा प्रकार आमच्याकडे अडवला जातो, कृपया अमुक क्रमांकावर फोन करा' एवढं वाक्य इंग्रजीत असलं तरी पुरे. कुणाचा तरी व्यवहार, कुणाचा तरी नोकरीचा अर्ज या ओळीवर अवलंबून असू शकतो.

याच कारणाने 'डिस्कार्ड' वापरू नका. त्यात पाठवणाऱ्याला मेल पोचल्याचं सांगितलं जातं आणि ती गुपचूप नष्ट होते. दोन्ही बाजूंना काही कळत नाही. मेल स्वीकारून नंतर बाउन्स, म्हणजे 'मेल पोचली नाही' अशी परतीची मेल, पाठवणं त्याहून वाईट. स्पॅमवरचा पत्ता बनावट असतो, त्यामुळे तो बाउन्स एखाद्या निरपराध माणसाच्या इनबॉक्सवर जाऊन आदळतो आणि तुमचाच आयपी काळ्या यादीत जातो. नाकारायचं ते एसएमटीपी संवाद चालू असतानाच, ५५४ हा नकाराचा कोड देऊन.

अपवाद लिहायची पद्धत

पीसीआरई फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळलेली ओळ लागू होते. म्हणून अपवाद बंदीच्या ओळीच्या वर हवेत. अपवादापुढे बरेच जण 'ओके' लिहितात. मी 'डन्नो' लिहायला सांगेन. 'ओके'मुळे त्या यादीतल्या पुढच्या सगळ्या तपासण्या टळतात. 'डन्नो'चा अर्थ एवढाच, की या नियमाचं याच्याबद्दल काही म्हणणं नाही, पुढे चला. लिफाफ्यावरचा पत्ता कुणीही खोटा लिहू शकतो, त्यामुळे कुणालाही सरसकट मोकळीक देणं बरोबर नाही.

'ओके' चुकीच्या जागी पडलं तर प्रकरण स्पॅमच्या पलीकडे जातं. ही यादी 'एसएमटीपीडी रेसिपियंट रिस्ट्रिक्शन्स'मध्ये, 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन'च्या आधी लावली असेल आणि तिच्यात 'ओके' असेल, तर तो पत्ता वापरून कुणीही तुमच्या सर्व्हरवरून जगभर मेल पाठवू शकतो. पोस्टफिक्स २.१०पासून 'एसएमटीपीडी रिले रिस्ट्रिक्शन्स' वेगळी झाल्याने हा धोका कमी झाला. पण जुनी मेन.सीएफ नव्या सर्व्हरवर तशीच आणून ठेवलेली खूप ठिकाणी दिसते, आणि तिच्यात ती यादी कधी कधी रिकामी असते. एकदा 'पोस्टकॉन्फ'ने बघून घ्या.

मराठी वाचकांसाठी एक अपवाद मुद्दाम सांगायचा आहे. देवनागरी 'भारत' हे टीएलडी ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झालं आणि मराठीत डोमेन त्यावर घेता येतं. डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या डोमेनांच्या नोंदवहीत) आणि बऱ्याच सर्व्हरच्या लॉगमध्ये ते देवनागरीत दिसत नाही. एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढे अक्षरांची खिचडी अशा रूपात दिसतं. परदेशी याद्यांमध्ये 'एक्सएन--ने सुरू होणारं सगळं नाकारा' अशी ओळ बरेचदा असते, कारण त्या लिहिणाऱ्यांना अशी मेल कधी खरी आलेलीच नसते. ती ओळ डोळे मिटून घेतली तर आपल्याच भाषेतले पत्ते आपणच बंद करतो. शिवाय पोस्टफिक्स ३.०पासून एसएमटीपीयूटीएफ८ची सोय आहे, त्यामुळे पत्ता थेट देवनागरीतही येऊ शकतो. एखाद्याने नमुन्यात 'इंग्रजी अक्षरं सोडून काहीही आलं तर नाकारा' असं लिहिलं असेल तर तेही काढून टाका.

बँकांचं आणखी एक. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये भारतातल्या बँकांना बँक.इन या डोमेनवर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तुमच्या अपवादांमध्ये बँकांची जुनी कॉम किंवा सीओ.इन नावं असतील तर ती ताजी करा. पतसंस्थांच्या सर्व्हरवर हे आधी करा.

तरीही आत येत असेल तर

नमुना बरोबर, चाचणीत 'रिजेक्ट' छापलं जातं, लिफाफ्यावर टॉपच आहे, आणि तरी मेल आत. मग संशय क्रमावर आणि रस्त्यावर घ्यायचा.

पहिला संशय 'मायनेटवर्क्स'वर. फायरवॉल किंवा राउटर बाहेरच्या प्रत्येक जोडणीला आपलाच आतला आयपी लावून पुढे देत असेल, किंवा पोस्टफिक्स डॉकरमध्ये (वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये) चालत असेल आणि जोडण्या डॉकरच्या पुलावरून येत असतील, तर सगळं जग तुमच्या सर्व्हरला 'घरचं' वाटतं. 'परमिट मायनेटवर्क्स' पहिलंच असल्याने पुढचा एकही नियम तपासला जात नाही. लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम'च्या पुढे सारखा एकच १९२.१६८ किंवा १७२.१७ने सुरू होणारा आयपी दिसला, तर हेच घडतंय. तेव्हा टीएलडीचा विषय बाजूला ठेवा, सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल कुठेही पाठवणारा, झालेला आहे. बाहेरचे खरे आयपी पोस्टफिक्सपर्यंत पोचतील अशी फायरवॉलची मांडणी त्याच दिवशी करा.

दुसरा संशय मास्टर.सीएफवर, म्हणजे पोस्टफिक्सच्या सेवांची यादी असलेल्या फाइलवर. तिथे एखाद्या सेवेखाली हायफन ओ लावून 'एसएमटीपीडी सेंडर रिस्ट्रिक्शन्स' रिकामी केलेली असू शकते. अमाविससारख्या गाळणीतून परत येणाऱ्या मेलसाठी १००२५ या पोर्टवर असं करणं रास्तच असतं. पण हीच ओळ चुकून २५ पोर्टच्या सेवेखाली गेली, की मेन.सीएफमध्ये काहीही लिहा, उपयोग नाही.

तिसरा संशय दुय्यम एमएक्सवर, म्हणजे डोमेनची मेल स्वीकारणाऱ्या राखीव सर्व्हरवर. बरेच जण एक जादा एमएक्स नोंदवून ठेवतात, तो दुसऱ्या ठिकाणी चालतो आणि त्यावर एकही नियम नसतो. स्पॅम पाठवणारे मुद्दाम तोच रस्ता धरतात. तो सर्व्हर मेल स्वीकारून तुमच्याकडे पाठवतो, आणि तुम्ही त्याला 'मायनेटवर्क्स'मध्ये घातलेलं असतं. नियम दोन्हीकडे सारखे ठेवा, नाहीतर दुय्यम एमएक्स काढूनच टाका. मुख्य सर्व्हर थोडा वेळ बंद पडला तर पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतातच.

चौथं कारण, मेल सर्व्हरचं तयार पॅनल. झिम्ब्रासारख्या संचामध्ये मेन.सीएफ हाताने बदलली तर तो बदल टिकत नाही. त्याची स्वतःची यंत्रणा ती फाइल पुन्हा लिहिते. तिथे झेडएमप्रोव्ह ही त्याची आज्ञा वापरूनच सेटिंग द्यावं लागतं. 'मी नियम लावला होता, आपोआप गेला' अशी तक्रार आली की आधी हे विचारा.

फॉरवर्ड होऊन येणारी मेल हाही एक रस्ता आहे. संचालकांनी आपला जुना खासगी पत्ता ऑफिसच्या पत्त्यावर वळवलेला असतो. वळवणारा सर्व्हर लिफाफ्यावर स्वतःचं डोमेन घालत असेल, तर तुमच्या नियमाला टॉप दिसणारच नाही. याला लिफाफ्याच्या पातळीवर उपाय नाही, मजकूर वाचणारी गाळणीच लागते.

हेडर अडवायचं का

मेलच्या हेडरवर नियम लावणाऱ्या 'हेडर चेक्स'मध्ये फ्रॉम हेडरवर तोच नमुना लावता येतो. मी तो शक्यतो टाळतो. हेडर चेक्स सर्वांना सारखे लागतात, लॉगिन केलेल्या आपल्या माणसांनाही, आणि तिथे 'परमिट'ची सोय नाही. शिवाय 'नेस्टेड हेडर चेक्स' (जोडलेल्या मेलच्या हेडरसाठीचे नियम) वेगळे दिले नसतील तर ते हेडर चेक्सचेच नियम घेतात. त्यामुळे एखाद्या जागरूक वापरणाऱ्याने स्पॅमचा नमुना अटॅचमेंट म्हणून तुम्हाला पाठवला, तर त्याचीच मेल नाकारली जाते. लावायचंच असेल तर 'नेस्टेड हेडर चेक्स' रिकामं ठेवा.

गुण देणं

मिश्र टीएलडींसाठी स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी या मेलला गुण देणाऱ्या गाळण्या हीच योग्य जागा. नुसत्या टीएलडीवरून मेल अडत नाही, पण तिला काही गुण लागतात. डोमेन नवं, एसपीएफ (कुठल्या सर्व्हरवरून मेल पाठवता येते ते सांगणारी डोमेनची नोंद) नाही, मजकुरात लहान केलेली लिंक असं आणखी काही जुळलं की मेल उंबरठा ओलांडते. स्पॅमअसॅसिनमध्ये संशयास्पद टीएलडींचे नियम आधीपासूनच असतात, तुम्ही फक्त त्यांचे गुण थोडे वाढवायचे.

आरस्पॅमडीच्या मल्टिमॅप या याद्या जुळवणाऱ्या भागामध्ये एक हमखास फसगत होते. तिथला 'टीएलडी' नावाचा फिल्टर शेवटचा तुकडा देत नाही, तर नोंदणीयोग्य डोमेन देतो, म्हणजे अमुक.टॉप असं. यादीत नुसतं 'टॉप' लिहिलं तर ते कधीच जुळत नाही. त्याऐवजी फिल्टर 'ईमेल डोमेन' ठेवा, 'रेगएक्स्प' चालू करा आणि वरचाच डॉलरने संपणारा नमुना द्या.

टीएलडीपेक्षा नेमके उपाय

स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची डीबीएल ही बदनाम डोमेनांची यादी 'रिजेक्ट आरएचएसबीएल सेंडर'ने लावता येते, आणि ती नवी डोमेनं आपल्यापेक्षा फार लवकर ओळखते. मात्र ८.८.८.८सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरवरून) विचारलं तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चूक झाल्याचा संकेत देतं. पोस्टफिक्सला नुसतं 'काहीतरी उत्तर आलं' एवढंच कळतं आणि तो सगळी मेल नाकारायला लागतो. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवा, आणि नियमात यादीच्या नावापुढे इज इक्वल टू देऊन फक्त १२७.०.१.[२..९९] ही उत्तरं मान्य करा.

दुसरा उपाय फार कमी लोक वापरतात: 'चेक सेंडर एनएस अ‍ॅक्सेस'. स्पॅम पाठवणारा डोमेन रोज बदलतो, पण त्या सगळ्यांचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदी देणारे सर्व्हर, बरेचदा तेच असतात. लॉगमधली काही डोमेनं घेऊन डिग या आज्ञेने त्यांचे नेमसर्व्हर (एनएस) बघा. सगळी एकाच अनोळखी नेमसर्व्हरवर टेकलेली दिसली, तर तो एक नेमसर्व्हर अडवल्याने आजची आणि उद्याची डोमेनं एकदम जातात. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचा किंवा मोठ्या रजिस्ट्रारचा निघाला तर मात्र हात लावू नका, त्याच्यामागे लाखो चांगली डोमेनं असतात.

'चेक रिव्हर्स क्लायंट होस्टनेम अ‍ॅक्सेस'ला तीच पीसीआरई फाइल देता येते. लिफाफ्यावर काहीही असो, जोडणाऱ्या सर्व्हरच्या आयपीचं उलटं नाव (आयपीवरून शोधलेलं नाव) टॉपवर संपत असेल तर तो इथे सापडतो. याच्या जोडीला 'रिजेक्ट अननोन रिव्हर्स क्लायंट होस्टनेम' लावा. त्याहून कडक 'रिजेक्ट अननोन क्लायंट होस्टनेम' मात्र आपल्याकडे जपून. तालुक्याच्या गावांतल्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांच्या आयपींचं सुलट-उलट नाव नेहमी जुळतंच असं नाही, आणि तिथून मेल पाठवणारे खरे ग्राहक असतात.

यादीची देखभाल

प्रत्येक टीएलडीच्या वरच्या ओळीवर # हे चिन्ह देऊन टिपणी लिहा: कधी घातली, कशामुळे, कुणी सांगितलं. अपवादांनाही तसंच. दर तिमाहीला नाकारलेल्या मेलची टीएलडीवार मोजणी करा. जिच्यावर काहीच येत नाही ती ओळ काढा. आयसीएएनएनने नव्या टीएलडींच्या अर्जांची पुढची फेरी २०२६साठी जाहीर केली आहे, तेव्हा आज यादीत नसलेली नावं येत राहतील. काढलेली ओळ पुसून न टाकता टिपणीत बदलून ठेवा, म्हणजे तीच टीएलडी परत त्रास देऊ लागली तर आधी कुठल्या गिऱ्हाइकाची मेल तिच्यामुळे अडकली होती ते फाइलमध्येच सापडतं.